सिंहासन मुलाचं, राज्य आईचं

गेल्या २६ जानेवारीला आम्ही चौघं मित्र सीताबर्डीचा किल्ला बघायला गेलो होतो. रांग अशी की खाली रस्त्यापर्यंत! उभ्या उभ्या १८१७ च्या लढाईचा विषय निघाला, इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना इथे कसं हरवलं वगैरे. तेव्हा एकजण म्हणाला की नागपूरचा इतिहास तिथूनच सुरू होतो. मीही मान डोलावली. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात गुप्तांना अख्खा धडा होता आणि वाकाटकांना फक्त एक ओळ, मग माहीत तरी कसं असणार?

नंतर वाचलं आणि कळलं की या टेकडीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, १८१७ च्याही चौदाशे वर्षं आधी, एक बाई राज्य करत होती. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

ती सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई कुबेरनागा, नाग घराण्यातली. चंद्रगुप्ताला पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांशी लढायचं होतं आणि त्यासाठी दक्षिणेकडून विदर्भाची साथ पाहिजे होती. म्हणून मुलगी वाकाटकांच्या रुद्रसेन दुसरा याला दिली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. थोडक्यात, लग्न कमी आणि तह जास्त! सासर होतं नंदिवर्धन, म्हणजे आजचं रामटेकजवळचं नगरधन.

रुद्रसेन फार वर्षं जगला नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी तो वारला तेव्हा मुलं लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज झाला आणि कारभार आईच्या हातात आला. आपल्या भाषेत सांगायचं तर ती 'इनचार्ज' झाली. इनचार्ज लोकांचं काय होतं ते आपण कॉलेजात बघतोच. सही करायलाही घाबरतात!

प्रभावती मात्र घाबरली नाही. तिने तेराव्या वर्षी दिलेल्या एका दानाचा ताम्रपट सापडला आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीला, देवाच्या चरणी अर्पण करून, तिने एका आचार्यांना गाव दान दिलं. हा ताम्रपट सापडला पुण्यात, एका तांबट कुटुंबाकडे. भांडी घडवणाऱ्याच्या घरात तांब्याचा पत्रा इतकी वर्षं न वितळता राहिला, हे मला तरी आश्चर्यच वाटतं.

खरी गंमत त्यातल्या मजकुरात आहे. राजाच्या ताम्रपटात आधी राजाची वंशावळ देतात. इथे राज्य वाकाटकांचं, पण वंशावळ गुप्तांची! गोत्रही वडिलांचंच, धारण. नवऱ्याची पट्टराणी आणि युवराजाची आई हेही लिहिलंय, पण त्याच्या आधी ती कोणाची मुलगी ते येतं. काही जण म्हणतात की यावरून ती वडिलांच्या हातातली बाहुली होती हे दिसतं. असेलही. पण मला वेगळं वाटतं. बाहुली असती तर वडील गेल्यावर बदलली असती. ती बदलली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा दुसरा ताम्रपट मिळाला. तो मुलाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षाचा. तोवर चंद्रगुप्त हयात नव्हता, मुलगा स्वतः राजा होता, तरी हिची वंशावळ तीच, गोत्र तेच.

मधल्या काळात तिने काय सोसलं ते ताम्रपट सांगत नाहीत. दिवाकरसेन तेराव्या वर्षीही युवराजच होता आणि पुढे राजा म्हणून त्याचं नाव कुठे येत नाही. तो अकाली गेला असावा. त्यानंतर दामोदरसेन आणि मग प्रवरसेन दुसरा. नवरा गेला, बहुधा मुलगाही गेला, पण राज्य टिकलं. प्रवरसेनाने पुढे तीस वर्षांच्या आसपास राज्य केलं, प्रवरपूर ही नवी राजधानी वसवली आणि माहाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे काव्य त्याच्या नावावर आहे. त्याच्या स्वतःच्या ताम्रपटांत वंशावळ पुन्हा वाकाटकांची होते. आईचं चालू असताना तिचं, मुलाचं आल्यावर बापाचं!

हे वाचताना मला माझी आई आठवली. तिच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. एका कामासाठी तिला ॲफिडेविट करायला तीन चकरा माराव्या लागल्या, की या दोघी एकच बाई आहेत. तेव्हा मी चिडून तिलाच म्हणालो होतो की तू वेळेवर बदलून का नाही घेतलं. आता वाटतं, चुकलंच माझं. सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईने आपलं नाव तांब्यावर कोरून ठेवलं होतं आणि तिला कोणी ॲफिडेविट मागितलं नव्हतं. अर्थात तिच्या हातात राज्य होतं. सत्ता म्हणजे बहुतेक हेच, आपलं नाव आपण ठरवणं.

रिद्धपूरचं दान तिने रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून दिलं. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. पुढच्या वेळी रामटेकला गेलात तर वडे-भजी खाऊन लगेच परतू नका. वरून नगरधनच्या दिशेने एकदा बघा. या वेळी मी आईलाही घेऊन जाणार आहे.