घाबरलेल्या देशाला थांब म्हणणारा माणूस

जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं त्याच्या तीन दिवस आधी पॅरिसच्या एका कॅफेत ज्याँ जोरेसचा खून झाला. त्याचा गुन्हा एवढाच की, सगळे युद्धाच्या दिशेने धावत असताना तो उलट बाजूला ओढत होता.

समजा, तुम्ही १९१२ साली पॅरिसमध्ये कॉलेजात आहात. चांगल्या घरातले, चांगल्या कॉलेजातले. कट्ट्यावर काय विषय असेल?

त्या वर्षी आगातों या टोपणनावाने लिहिणाऱ्या दोन तरुण लेखकांनी तुमच्यासारख्याच मुलांची एक पाहणी केली. आधी ती नियतकालिकातून आली आणि १९१३ मध्ये तिचं पुस्तक झालं. त्यांचं म्हणणं होतं की ही नवी पिढी बापासारखी शंका काढत बसणारी नाही. तिला कृती हवी, मैदान हवं. ती पुन्हा चर्चमध्ये जायला लागलीय, तिच्या मनात देश पहिला आहे आणि युद्धाची तिला भीती नाही, उलट ओढच आहे. पुस्तक प्रचंड गाजलं. आता ही पाहणी कुणाची? पॅरिसमधल्या निवडक, शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी पोरांची. खाणीत, शेतात, काचेच्या भट्टीवर राबणारी त्याच वयाची लाखो पोरं त्यात नव्हतीच. पण एकदा का ‘तरुणांना काय हवं’ हे छापून आलं, की ते सगळ्याच तरुणांचं मत होऊन बसतं.

या जोशाच्या खाली काय होतं? भीती.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून सपाटून हरला होता आणि अल्सास-लॉरेन हा प्रांत गमावून बसला होता. शाळेतल्या नकाशांत तो भाग वेगळ्या रंगात रंगवलेला असायचा, मुलांनी विसरू नये म्हणून. पॅरिसच्या फोटोंमध्ये टेकडीवर जे पांढरंशुभ्र चर्च दिसतं ना, सक्रे-कर, तेही या पराभवाशी जोडलेलं. हरलो ते आपल्या पापांमुळे, अशी अनेक श्रद्धाळूंची समजूत होती. मग प्रायश्चित्त म्हणून वर्गणी गोळा झाली आणि १८७५ मध्ये पाया घातला गेला. त्यातच आकडे घाबरवत होते. फ्रान्सची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास अडकलेली, तर जर्मनीची साडेसहा कोटींवर गेलेली.

आणि जर्मनी? तीही घाबरलेलीच. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया आणि त्या दोघांची युती. आपल्याला घेरलंय, असं बर्लिनमध्ये सगळे म्हणत. म्हणजे बघा, एकाने बचावासाठी सैन्य वाढवलं की दुसऱ्याला तो हल्ल्याचा पुरावा वाटायचा. १९१३ मध्ये दोघांनीही सैन्य वाढवलं, आणि दोघांनीही समोरच्याकडे बोट दाखवलं.

अशा वातावरणात एक दाढीवाला, जाडसर, कपड्यांकडे फारसं लक्ष नसलेला माणूस पार्लमेंटमध्ये उभा राहून विचारत होता, की ही भीती आपल्याला नेमकी कुठे घेऊन चाललीय?

ज्याँ जोरेसचा जन्म ३ सप्टेंबर १८५९ चा, दक्षिण फ्रान्समधल्या कास्त्र गावचा. घरची स्थिती बेताची. आई धार्मिक कॅथलिक. पराभव झाला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पोरगा हुशार निघाला. पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या प्रवेश परीक्षेत १८७८ मध्ये पहिला आला. पुढे जगप्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ बर्गसाँ त्याच बॅचचा. मग तत्त्वज्ञानाची मास्तरकी, आणि सव्विसाव्या वर्षी थेट खासदार. धाकटा भाऊ नौदलात गेला आणि ॲडमिरल झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच घरातल्या माणसाला देशद्रोही म्हटलं जाणार आहे.

तो समाजवादी झाला तो कार्मोच्या खाण कामगारांमुळे. १८९२ मध्ये तिथले लोक एका कामगाराला महापौर म्हणून निवडून देतात आणि कंपनी त्याला कामावरून काढून टाकते. संप होतो. जोरेस संपकऱ्यांच्या बाजूने उतरतो आणि पुढच्याच वर्षी त्यांचा खासदार म्हणून पार्लमेंटमध्ये जातो.

त्याची खरी परीक्षा मात्र ड्रेफस प्रकरणात झाली. ड्रेफस हा लष्करातला ज्यू कॅप्टन. १८९४ मध्ये त्याला जर्मनीचा हेर ठरवून जन्मठेप झाली. पुरावा बनावट होता. पण लष्कर चुकू शकत नाही, अशी हवा होती आणि काही कॅथलिक वृत्तपत्रं ज्यूंविरुद्ध रोज विष ओकत होती. सुरुवातीला जोरेसचाही ड्रेफसच्या दोषावर विश्वास होता. अधिकाऱ्याला सौम्य शिक्षा आणि साध्या सैनिकाला मात्र गोळी, अशी तक्रार त्याने पार्लमेंटमध्ये केली होती. नंतर कागद तपासले, मत बदललं आणि १८९८ मध्ये एकेक पुरावा सोलून काढणारी लेखमाला लिहिली. त्याच वर्षी निवडणूक हरला होता, तरी लिहिली. ड्रेफस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. शत्रूची भीती, धर्म आणि राजकारण एकत्र आलं की निरपराध माणूस कसा चिरडला जातो, हे जोरेसने इथे अगदी जवळून पाहिलं.

म्हणून तो धर्माचा वैरी होता का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. शासन आणि चर्च वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यामागे तो होता हे खरं. पण तो कायदा श्रद्धाळूंना डिवचणारा नको, त्यांना जगता येईल असा हवा, यासाठी त्याने आपल्याच बाजूच्या कडव्या लोकांशी वाद घातला. १९०१ मध्ये त्याच्या मुलीचा चर्चमध्ये धार्मिक विधी झाला, कारण तिच्या आईची तशी श्रद्धा होती. त्यावरून समाजवाद्यांनीच त्याला धारेवर धरलं. आपण बायकोवर नास्तिकपणा लादणार नाही, ही त्याची भूमिका. दोन्हीकडून शिव्या खायची सवय त्याला घरापासूनच लागली म्हणायची!

१९०४ मध्ये त्याने ‘ल्युमानिते’ नावाचं दैनिक काढलं. या दैनिकाचा आपल्याशीही एक धागा आहे. जुलै १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी मारली आणि फ्रेंच भूमीवर त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं, ते प्रकरण आपण शाळेत शिकलोय. त्या वेळी फ्रान्समध्ये याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत हे दैनिक होतं. कार्ल मार्क्सचा नातू ज्याँ लोंगे याने त्यात हा विषय लावून धरला. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं, निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

आता युद्धाकडे येऊ. जोरेसबद्दल एक मोठा गैरसमज तेव्हाही होता, आजही आहे. त्याला सैन्यच नको होतं, असा. प्रत्यक्षात त्याने सैन्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, १९११ मध्ये. त्याचा मुद्दा असा की पोरांना वर्षानुवर्षं बराकीत कोंडून देश सुरक्षित होत नाही. स्वित्झर्लंडसारखं सगळ्या नागरिकांना थोडं थोडं प्रशिक्षण द्या. हल्ला झाला तर अख्खा देश उभा राहील, पण अशा सैन्याला घेऊन दुसऱ्यावर चढाई करणं अवघड जाईल. म्हणजे भीती खोटी आहे, असं तो म्हणतच नव्हता. भीतीवर केलेला उपाय नवी भीती जन्माला घालणारा नसावा, एवढंच.

नोव्हेंबर १९१२ मध्ये बाल्कनमध्ये युद्ध पेटलेलं असताना युरोपभरचे समाजवादी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जमले. सभा कुठे झाली, तर तिथल्या मोठ्या चर्चमध्ये. एकीकडे तलवारींना आशीर्वाद देणारे धर्मगुरू होते, तर दुसरीकडे युद्धविरोधकांना आपला दरवाजा उघडून देणारं हे चर्चही होतं. जोरेस तिथे बोलला.

१९१३ मध्ये फ्रेंच सरकारने सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षं करायचं ठरवलं. २५ मे रोजी पॅरिसबाहेर प्रे-सँ-जर्व्हेच्या मैदानात त्याविरुद्ध सुमारे दीड लाख लोक जमले. त्या दिवशीचा जोरेसचा फोटो प्रसिद्ध आहे. डोक्यावर गोल हॅट, एका हाताने झेंड्याचा दांडा धरलाय आणि पुढे झुकून तो बोलतोय. माईक वगैरे काही नाही, नुसता गळा. ऑगस्टमध्ये कायदा तरीही झाला.

आणि मग शिव्यांचा जोर वाढला. जर्मनीचा दलाल, कैसरचा माणूस. व्यंगचित्रांत त्याच्या डोक्यावर जर्मन शिरस्त्राण. सगळ्यात जिव्हारी लागणारा घाव जुन्या मित्राचा होता. कवी शार्ल पेगी ड्रेफस प्रकरणात त्याच्या बरोबर होता. पुढे तो कॅथलिक श्रद्धेकडे वळला, कडवा राष्ट्रवादी झाला आणि जोरेसची जागा गिलोटिनखाली आहे, असं त्याने छापून मांडलं. उजव्या गटांची वृत्तपत्रं तर उघडच सुचवायला लागली, की युद्धाची घोषणा झाली की आधी याला भिंतीला लावून उडवा. हे लिहिणाऱ्यांपैकी कुणीच हातात पिस्तूल घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

२८ जून १९१४ ला साराएव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याभराने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. २९ जुलैला जोरेस ब्रुसेल्समध्ये होता, जर्मन समाजवादी नेता हासेच्या खांद्यावर हात टाकून हजारोंसमोर उभा. दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता, तर जुनी फ्लेमिश चित्रं बघायला म्युझियममध्ये गेला. संकट टळेल, असं त्याला वाटत होतं. इथे तो चुकला, हे सांगायलाच हवं. जर्मनीत समाजवाद्यांना तीनपैकी एक मत मिळत होतं. एवढे लोक ऐनवेळी बंदूक उचलणार नाहीत, यावर त्याने भरवसा ठेवला. भीती माणसाला पक्ष विसरायला लावते, याचा हिशेब त्याच्याकडे कमी पडला.

३१ जुलै. दिवसभर मंत्र्यांच्या दारात खेटे घातल्यावर रात्री तो सहकाऱ्यांसोबत पेपरच्या ऑफिसजवळच्या कॅफे क्रॉसाँमध्ये जेवायला बसला. उकाडा होता, खिडकी उघडी होती आणि त्याची पाठ तिच्याकडे. ओळखीचा एक पत्रकार आपल्या छोट्या मुलीचा फोटो दाखवत होता. ९ वाजून ४० मिनिटांनी खिडकीतून दोन गोळ्या आल्या.

मारणारा राऊल व्हिलँ. स्पेलिंग अगदी इंग्रजीतल्या व्हिलनचं, योगायोगच! वय २८, पुरातत्त्वाचा विद्यार्थी, श्रद्धाळू, अल्सास-लॉरेनप्रेमी तरुणांच्या संघटनेचा सदस्य. जोरेसला तो ओळखत नव्हता, फक्त त्याच्याबद्दल वाचत होता.

४ ऑगस्टला अंत्ययात्रा निघाली. तोवर युद्ध लागलं होतं. काल शिव्या देणारेही शवपेटीमागे चालले. त्याच दिवशी फ्रेंच समाजवाद्यांनी युद्धखर्चाला मत दिलं, आणि तिकडे बर्लिनमध्ये जर्मन समाजवाद्यांनीही.

आगातोंच्या पाहणीत ज्यांचं कौतुक झालं, त्या पिढीचं काय झालं? चर्चकडे परतलेल्या तरुणांचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं तो लेखक-सैनिक एर्नेस्त प्सिकारी २२ ऑगस्टला पडला. त्या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मेले. ५ सप्टेंबरला पेगी गेला, कपाळात गोळी लागून. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सने जवळपास १४ लाख माणसं गमावली. जोरेसचा एकुलता मुलगा लुई स्वतःहून सैन्यात भरती झाला होता. जून १९१८ मध्ये तो आघाडीवर मारला गेला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

व्हिलँ युद्धभर तुरुंगात सुरक्षित होता. खटला उभा राहिला मार्च १९१९ मध्ये, विजयाच्या धुंदीत. त्याच महिन्यात पंतप्रधान क्लेमांसोवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाला फाशीची शिक्षा सुनावली गेली होती (नंतर ती कमी केली), आणि क्लेमांसो तर वाचला होता. व्हिलँला ज्युरीने निर्दोष सोडलं. वर खटल्याचा खर्च जोरेसच्या विधवेवर लादला. जिने नवरा आणि मुलगा दोन्ही गमावले होते, त्या लुईजवर.

१९२४ मध्ये सरकारने त्याच्या अस्थी पँथिऑनमध्ये, देशाच्या थोर माणसांच्या शेजारी नेल्या. कार्मोचे खाण कामगार त्या मिरवणुकीत चालत होते.

पॅरिसला कधी गेलात तर मेट्रोच्या नकाशात जोरेस नावाचं स्टेशन शोधा. ऑगस्ट १९१४ पर्यंत त्याचं नाव वेगळं होतं, ‘जर्मनी रस्ता’. युद्ध सुरू झालं आणि जर्मनीचं नाव डोळ्यांसमोर नको म्हणून ते पुसलं गेलं. त्या जागी जोरेसचं लावलं.