कै. र. धों. कर्वे : एक स्मरण

स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव घेतले. बाई क्षणभर थबकल्या. मी महर्षी अण्णांविषयी लिहीन, असे त्यांना वाटले होते. हिंगण्याचे अण्णा सर्वांना ठाऊक. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव मात्र आपण अजून दबक्या आवाजात घेतो. म्हणूनच हे चार शब्द.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. आई राधाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. मुलगा बुद्धीने तल्लख. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. कॉलेजच्या चालकांना ते रुचले नाही. काम सोडण्यापेक्षा त्यांनी १९२५ साली नोकरी सोडली. घरखर्चाचा भार पुष्कळसा पत्नी मालतीबाईंनी उचलला, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झालाच. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी चालविले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. गरमी, परमा यांना पाप न मानता रोग मानावे, ही त्यांची भूमिका होती.

भगिनींनो, हे मला एके काळी पुस्तकी वाटले असते. २०११ साली मला दिवस गेले, तेव्हा सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही. आणि गरमी यांसाठी रक्त तपासायचे आहे, असे सिस्टरबाईंनी सांगितले. मला राग आला. मालक मुंबईला नोकरीला म्हणून हा संशय, असे मनात आले. मला काही होत नाही, मग तपासणी कशाला, असे म्हणून मी उठले. बाईंनी हाताला धरून बसविले. ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते, कोणाच्या चालचलणुकीवर ठपका नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले.

आणि काही होत नाही, यातच खरी मेख असते. गरमीची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते. रोग अंगात वर्षानुवर्षे राहतो आणि पोटातल्या बाळाला गाठतो. बाळ पोटातच दगावूही शकते. परमा बाईच्या अंगी पुष्कळदा काहीच खूण न दाखविता गर्भनलिका निकामी करतो. एच.आय.व्ही.ही कित्येक वर्षे गप्प असतो. गरमी पेनिसिलिनने बरी होते. एच.आय.व्ही. समूळ जात नाही. पण मोफत मिळणाऱ्या गोळ्या नियमित घेतल्यास आई धडधाकट राहते आणि बाळही बहुतेक वेळा वाचते.

माझा निकाल निर्दोष आला. मालक शिमग्याला आले, तेव्हा भीतभीतच विषय काढला. ते दोन दिवस अबोला धरून होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात गेले. आमच्या संसारात त्या दिवसाइतका भरवसा मला दुसऱ्या कशाने दिला नाही.

राजगडाच्या पायथ्याच्या आपल्या गुंजवण्यातून माणसे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला जातात. कोणावर बोट ठेवण्याचे कारण नाही. दोघांनीही तपासून घ्यावे. रक्ताबरोबर गरजेप्रमाणे लघवी किंवा स्रावही तपासतात. लागण अगदी ताजी असल्यास रक्तात दिसत नाही, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा जावे. एच.आय.व्ही.चा निकाल गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

रघुनाथरावांनी लोकनिंदा सोसली ती अशा गोष्टी उघड बोलता याव्यात म्हणून. हळदीकुंकवाला जमतो, तशा एकदा चौघीजणी मिळून दवाखान्यात गेलो, तर त्यांचे स्मरण खरे झाले असे मी समजेन. सोबत हवी असेल, तर मी येईन.