हॅरॉल्ड हार्ट मॅन
हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२ – १९६१) हे ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ व पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी आणि दख्खनमधील खेड्यांची आर्थिक स्थिती यांवरील अभ्यासासाठी ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. भारतात प्रथम त्यांनी चहाच्या लागवडीवर संशोधन केले. १९०७ मध्ये ते पुण्यास आले.

खारवट जमिनींचा अभ्यास
नीरा डाव्या कालव्यामुळे अवर्षणग्रस्त भागात ऊस वाढला. परंतु काही जमिनी खारावून नापीक होऊ लागल्या. मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांचा त्यावरील अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. अतिसिंचन व पाझर यांमुळे भूजल वर येते, खालचे क्षार पृष्ठभागावर साचतात आणि सोडियममुळे माती चोपण बनते. अशा मातीत हवा खेळत नाही. नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे कार्य मंदावते. म्हणून केवळ खताने ती सुधारत नाही. आधी चर खणून निचरा करावा लागतो.

ग्रामपाहणी
पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची त्यांची पाहणी १९१७ मध्ये आणि जातेगाव बुद्रुकची, ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेली, १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडीकरण व कर्जबाजारीपणा यांचे आकडेवारीसह चित्र त्यांत आढळते.

उत्तरायुष्य
मुंबई प्रांताच्या कृषी संचालकपदावरून १९२७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्लंडमधील वोबर्न प्रयोगकेंद्रात दीर्घकाळ काम केले.