ऑप्शनवर बंदी घालणारा कायदा आणि सी. डी. देशमुख: शेअर बाजाराचे नियम आधी लोकांसमोर ठेवायचे, हे कधी ठरलं?

रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीवर बसूनही आज मोबाइलवर शेअरचा ऑप्शन घेता येतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. त्यासाठी प्रीमियम मोजावा लागतो. पण कोणत्या शेअरवर ऑप्शन सुरू करायचे, हे ठरवताना लोकांना विचारलं जातं का? या प्रश्नाचा इतिहास कोकणातल्याच एका माणसापाशी जातो.

कोण होते चिंतामणराव?

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात झाला. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे केंब्रिजला शिकले आणि आयसीएस परीक्षेतही अव्वल ठरले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री. 1952 ची लोकसभा निवडणूक त्यांनी कुलाबा मतदारसंघातून जिंकली.

बाजारात तेव्हा काय चालायचं?

मुंबईचा शेअर बाजार 1875 पासूनचा. 1925 मध्ये मुंबई प्रांताने त्यासाठी कायदा केला, पण देशभर लागू होईल असा एकच कायदा नव्हता. ऑप्शनचे व्यवहार मात्र होते. दलालांच्या भाषेत घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, विकण्याचा हक्क म्हणजे मंदी आणि दोन्ही मिळून तेजी-मंदी.

राज्यघटनेने शेअर बाजार हा विषय केंद्राकडे दिला. देशमुख अर्थमंत्री असताना 1951 मध्ये ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवर आधारलेलं विधेयक डिसेंबर 1954 मध्ये लोकसभेत आलं आणि पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं.

कायदा झाला, मंत्री नव्हते

मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाविरोधात देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलै 1956 मध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, या विधेयकाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. 20 फेब्रुवारी 1957 पासून कायदा लागू झाला.

त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. कलम 20 ने शेअरमधले ऑप्शन बेकायदा ठरवले. त्यांच्या व्याख्येत तेजी, मंदी हे बाजारातले शब्द जसेच्या तसे घेतले होते. दुसरी गोष्ट कलम 9 मध्ये होती. बाजाराने पोटनियम केले, तर ते आधी प्रसिद्ध करण्याची अट त्यात घातली होती. तातडीच्या वेळी सरकार ही अट बाजूला ठेवू शकत होतं, पण त्याची कारणं लेखी देणं बंधनकारक होतं.

पुढे काय झालं?

देशमुख नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांचं निधन झालं. ऑप्शनवरची बंदी 1995 मध्ये उठली आणि 2001 मध्ये ऑप्शन रीतसर बाजारात आले. म्हणजे बंदी गेली, पण नियम आधी दाखवण्याचं तत्त्व टिकलं.

जून 2024 मध्ये सेबीने शेअर ऑप्शनसाठीचे नवे निकष मसुदा म्हणून जाहीर केले आणि लोकांकडून सूचना मागवल्या. ऑगस्टअखेर निकष अंतिम झाले. त्यानुसार ऑप्शन सुरू करण्यासाठी त्या शेअरची रोजची सरासरी डिलिव्हरी किमान 35 कोटी रुपयांची हवी. आधी ही मर्यादा 10 कोटी होती. कमी उलाढालीच्या शेअरचा भाव मोजक्या लोकांना फिरवता येतो, म्हणून ही काळजी.

आपल्याला याचं काय?

सेबीच्याच अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जणांना तोटा झाला. मसुद्यावर दलाल आणि मोठ्या कंपन्या मत कळवतातच. तोटा सोसणारे गप्प राहिले, तर नियम त्यांना न विचारताच ठरतील. पुढचा मसुदा सेबीच्या वेबसाइटवर येईल, तेव्हा तो वाचून मत कळवण्याचा हक्क तुम्हालाही आहे. त्यासाठी प्रीमियम लागत नाही.