डेबियनचे जनक इयान मर्डॉक

युनिक्स घराण्यातील एखादी आज्ञावली घरच्या संगणकावर बसवणे हे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दोन-तीन रात्री खाणारे काम होते. मूळ आज्ञावली दूरच्या विद्यापीठातील संगणकावरून उतरवून घ्यायची, ती आपल्या यंत्रावर कंपाइल करायला घ्यायची आणि अर्ध्या तासाने कळायचे, की तिला आणखी एक लायब्ररी लागते. ती लायब्ररी मिळवावी, तर तिला तिसरीच काहीतरी हवी असायची. हे सारे पार पडून आज्ञावली चालू झालीच, तरी खरी अडचण पुढे असे. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली, की जुन्या आवृत्तीच्या फाइली डिस्कवर कुठे कुठे विखुरल्या आहेत, हे कोणालाच ठाऊक नसायचे. पुष्कळजण मग सारी डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात करीत.

ही दैना संपवण्याचा विडा ज्या तरुणाने उचलला, तो तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. इयान मर्डॉक हे त्याचे नाव. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांची नावे संगणकाशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही कानावर असतात. मर्डॉक यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. परंतु लिनक्सला प्रयोगशाळेतून उचलून सामान्य माणसाच्या टेबलावर ठेवण्यात त्यांचा वाटा या दोघांइतकाच मोलाचा मानावा लागेल.

इयान यांचा जन्म २८ एप्रिल १९७३ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील कॉन्स्टान्झ या गावी झाला. आईवडील अमेरिकन. वडील लॅरी मर्डॉक हे कीटकशास्त्रज्ञ; पुढे ते इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते. पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांची साठवलेली चवळी भुंग्यापासून वाचवणारी तीन पदरी पिशवी हे त्यांच्या संशोधनाचे फलित. साध्या माणसाच्या साध्या गरजेसाठी शास्त्र राबवण्याची ही वृत्ती मुलाकडेही आली असावी.

इयान यांनी शिक्षणासाठी पर्ड्यू विद्यापीठच निवडले. तेथील सिक्वेंट कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर त्यांना युनिक्सची गोडी लागली. विद्यापीठात मिळणारे ते वैभव आपल्या खोलीतल्या संगणकावरही असावे, असे वाटणाऱ्या त्या पिढीतील असंख्य विद्यार्थ्यांपैकी ते एक. लिनक्सने तो मार्ग खुला केला होता. मात्र लिनक्स म्हणजे निव्वळ गाभा. त्याभोवती कंपायलर, संपादक, शेल, छपाईची साधने असा शेकडो आज्ञावलींचा संसार मांडावा लागे. तो मांडून देणाऱ्या संचाला वितरण म्हणतात. १९९३ मध्ये सर्वाधिक वापरले जाणारे वितरण होते एसएलएस, अर्थात सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम. फ्लॉपींच्या चवडीवर येणारे हे वितरण दोषांनी भरलेले होते आणि त्याची देखभालही धड होत नव्हती, असे मर्डॉक यांचे मत झाले. असेच मत पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचेही होते. त्यांनी एसएलएसची डागडुजी करून स्लॅकवेअर काढले. मर्डॉक यांनी डागडुजीऐवजी नवी इमारत उभारण्याचे ठरवले.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी युजनेटवरील लिनक्सविषयक चर्चागटात आपल्या वितरणाची घोषणा केली. नाव ठेवले डेबियन. तेव्हाची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या डेब्रा यांच्या नावाची तीन अक्षरे आणि स्वतःचे इयान हे नाव यांची ही जोडणी. पुढे दोघांचा संसार मोडला. संगणकांवरची जोडणी मात्र तशीच राहिली.

डेबियनचा जाहीरनामा त्यांनी १९९४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. वितरण तयार करणे हे कंटाळवाणे, नाव न मिळवून देणारे काम आहे; म्हणूनच ते एका माणसाने किंवा एका कंपनीने करू नये, अनेकांनी उघडपणे वाटून घ्यावे, असा त्याचा आशय होता. कल्पना उदात्त खरी, पण ती व्यवहारात आणायची कशी? एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे निरनिराळ्या देशांत बसून एकाच यंत्रणेचे तुकडे बनवणार असतील, तर ते तुकडे एकमेकांत बसावेत कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पॅकेज. डेबियनची खरी देणगी हीच आहे.

पॅकेज म्हणजे आज्ञावलीच्या तयार फाइलींचा गठ्ठा आणि त्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीत आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, देखभाल करणाऱ्याचे नाव, तिला कोणकोणती अन्य पॅकेजे आणि त्यांची कोणती आवृत्ती लागते, कोणाशी तिचे जमत नाही, हे सारे नोंदलेले असते. बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर काय करायचे, याच्या सूचनाही सोबत असतात. हा गठ्ठा उघडून फाइली जागच्या जागी ठेवणारी आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची वही काटेकोरपणे लिहिणारी आज्ञावली म्हणजे डीपीकेजी. तिचे पहिले रूप मर्डॉक यांनी शेल स्क्रिप्टमध्ये लिहिले. त्यानंतर मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीटर आणि मर्डॉक यांनी ती पर्ल भाषेत उतरवली आणि १९९४ मध्ये इयान जॅक्सन यांनी तिचा मुख्य भाग सी भाषेत पुन्हा लिहून काढला. वही असल्यामुळे पॅकेज काढून टाकणेही सोपे झाले.

यातील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. संगणक वापरणारा आपल्या सोयीनुसार आज्ञावलीच्या मांडणीच्या फाइलींत बदल करीत असतो. नवी आवृत्ती बसवताना त्या फाइलींवरून सरसकट बोळा फिरवला, तर त्याचे सारे कष्ट वाया जातात. डीपीकेजी अशा फाइलींची खूण लक्षात ठेवते. मालकाने फाइलीला हात लावलेला नसेल, तर मुकाट्याने नवी ठेवते. मालकाने बदल केला असेल आणि वितरणानेही फाइल बदलली असेल, तर थांबून विचारते, की तुमची ठेवू की नवी? संगणकाने माणसाच्या कामाचा मान राखावा, हा विचार त्या काळी सर्वत्र रुजलेला नव्हता. पुष्कळ ठिकाणी तो अजूनही रुजलेला नाही.

नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५ या काळात स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डेबियनला अर्थसाह्य केले. काम वाढत होते, विस्कळीतपणाही होता. १९९५ च्या डिसेंबरात एका सीडी विक्रेत्याने अपुरी, चालू स्थितीतही नसलेली विकासप्रत १.० या क्रमांकाने चुकून बाजारात आणली. गोंधळ टाळण्यासाठी डेबियनने तो क्रमांकच सोडून दिला आणि १७ जून १९९६ रोजी थेट १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत ४७४ पॅकेजे होती. पण तोवर मर्डॉक प्रमुखपदावरून दूर झाले होते. कुटुंब आणि राहिलेली पदवी यांना वेळ देण्यासाठी मार्च १९९६ मध्ये त्यांनी प्रकल्पाची सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्या हाती दिली. त्याच वर्षी ते पर्ड्यूचे संगणकशास्त्राचे पदवीधर झाले.

संस्थापक गेल्यावर संस्था विस्कटते, हा अनुभव आपल्याकडे काही नवा नाही. डेबियनचे तसे झाले नाही. १९९८ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत तर सर्व आज्ञावलींच्या पायाखालची सी लायब्ररीच बदलण्यात आली आणि तरीही जुन्या यंत्रांना डिस्क न पुसता नव्या आवृत्तीवर जाता आले. मार्च १९९९ मध्ये २.१ सोबत एपीटी हे साधन आले. डीपीकेजी समोर ठेवलेला गठ्ठा उघडत असे. एपीटी तो गठ्ठा आणि त्याला लागणारे सारे सोबती इंटरनेटवरून स्वतः शोधून आणू लागली. उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करण्याची एक आज्ञा आणि बसवलेले सारे अद्ययावत करण्याची दुसरी, एवढ्यात काम आटोपू लागले. मोबाइल फोनवरील ॲपची दुकाने लोकांना माहीत झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एपीटी हे मर्डॉक यांचे लेखन नव्हे. तिच्यामागे जेसन गन्थॉर्प आदींचे श्रम आहेत. पण ज्या चिठ्ठ्या वाचून ती चालते, त्यांची कल्पना पहिल्या दिवसांतली.

स्वतः मर्डॉक यांना मात्र या यशाचे व्यावसायिक फळ लाभले नाही. १९९९ मध्ये त्यांनी इंडियानापोलिस येथे प्रोजेनी ही कंपनी सहसंस्थापक म्हणून काढली. डेबियन बसवणे नवख्याला अवघड जाते, हे ओळखून प्रोजेनीने चित्रमय इन्स्टॉलर आणि संगणकाचे सुटे भाग आपोआप ओळखणारी डिस्कव्हर ही आज्ञावली तयार केली. २००१ मध्ये प्रोजेनी डेबियन बाजारात आले आणि त्याच वर्षी बंद झाले. डॉट-कॉमचा फुगा तेव्हा नुकताच फुटला होता. कंपनी अन्य कामे करीत तगली, पण २००७ मध्ये तिलाही टाळे लागले. दरम्यान २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी डेबियनच्याच पायावर उबुंटू उभे केले आणि प्रोजेनीने पाहिलेले स्वप्न जगभरच्या डेस्कटॉपवर साकार करून दाखवले. उबुंटूची पॅकेजे डेबियनशी जुळेनाशी होत आहेत, अशी काळजी मर्डॉक यांनी २००५ मध्ये जाहीरपणे व्यक्त केली होती. तिच्यात तथ्य होते. थोडी खंतही असेल, तर ती मानवी म्हणावी लागेल. त्या वर्षी डेबियनवर आधारित वितरणांची आघाडी बांधण्याचा त्यांचा प्रयत्नही अल्पायुषी ठरला.

त्यानंतर लिनक्स वितरणांसाठी समान मानके ठरवणाऱ्या फ्री स्टँडर्ड्स ग्रुपमध्ये त्यांनी तंत्रप्रमुखाचे काम पाहिले आणि मार्च २००७ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले. सनची सोलॅरिस ही युनिक्स भक्कम होती, पण तीवर आज्ञावली बसवणे आणि सुधारणा चढवणे हा जुन्या वळणाचा, किचकट प्रकार होता. लिनक्सवाल्यांना सहज वाटेल अशी सोलॅरिस घडवण्याच्या प्रकल्पाला त्यांच्या राज्यावरून इंडियाना हेच नाव मिळाले. मे २००८ मध्ये त्यातून ओपनसोलॅरिस बाहेर पडली, नव्या पॅकेज पद्धतीसह. अद्ययावत करताना काही बिघडले, तर संगणक आधीच्या स्थितीत परत सुरू करता येई, ही तिची खासियत. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, मर्डॉक बाहेर पडले आणि ओपनसोलॅरिसही गुंडाळली गेली. पॅकेज पद्धत मात्र सोलॅरिस ११ मध्ये टिकली.

डीपीकेजीचा प्रवास तोवर लिनक्सच्या कुंपणापलीकडे गेला होता. ॲपलच्या मॅकवर युनिक्सची साधने बसवू पाहणाऱ्यांसाठी २००० च्या अखेरीस सुरू झालेला फिंक हा प्रकल्प डीपीकेजी आणि एपीटी यांच्याच खांद्यावर उभा होता. भारतात सी-डॅकने घडवलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवर बेतलेली. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५.० च्या इन्स्टॉलरमध्ये ज्या पाच भाषांची नव्याने भर पडली, त्यांत मराठी होती. कॉन्स्टान्झमध्ये जन्मलेल्या मुलाच्या वितरणाची स्थापना सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेतील सूचना वाचत करता येऊ लागली, ती अनाम स्वयंसेवकांमुळे.

२०११ पासून इंडियानापोलिसच्या एक्झॅक्टटार्गेट या कंपनीत काम केल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये मर्डॉक सॅन फ्रान्सिस्को येथील डॉकरमध्ये दाखल झाले. आज्ञावली आणि तिचा सारा संसार एका डब्यात भरून कुठेही चालवण्याचे डॉकरचे तंत्र म्हणजे पॅकेजच्या कल्पनेचाच पुढचा टप्पा. त्यातले असंख्य डबे आतून डेबियनच असत. योग्य माणूस योग्य जागी पोहोचला होता. पण ही नवी सुरुवात जेमतेम दोन महिने टिकली. डिसेंबरच्या अखेरीस पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला, अटक आणि सुटका झाली. त्याविषयीचे त्यांचे अस्वस्थ करणारे संदेश ट्विटरवर उमटले आणि २८ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ती आत्महत्या असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अहवालात नमूद झाले. त्या चार-पाच दिवसांवर नंतर बरेच तर्ककुतर्क लढवले गेले. त्यांनी हाती काही लागले नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च २०१६ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोजवर उबुंटूची साधने चालवण्याची सोय जाहीर केली. ज्या डेस्कटॉपवर युनिक्सला कधी थारा नव्हता, तेथील काळ्या खिडकीत लोक एपीटीच्या आज्ञा टंकित करू लागले. हा दिवस पाहायला मर्डॉक नव्हते.

१७ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झालेली डेबियन ९ ही आवृत्ती प्रकल्पाने त्यांच्या स्मृतीस अर्पण केली. आधीची आठवी आवृत्ती चालवणाऱ्यांना ती बसवण्यासाठी डिस्क पुसावी लागली नाही. पॅकेजांची यादी ताजी केली, पुढची आज्ञा दिली, आणि बदललेल्या फाइलींपाशी थांबून यंत्राने विचारले, की तुमची ठेवू की नवी.