रायतूरचे चर्च आणि फादर थॉमस स्टीफन्स

गोव्यातील साष्टी तालुक्यात झुआरी नदीच्या काठी रायतूर नावाचे खेडे आहे. पोर्तुगीज अमदानीपासून ते राशोल या नावानेही ओळखले जाते. तेथील किल्ल्याच्या आश्रयाने १५६५च्या सुमारास साष्टीतील पहिले चर्च उभे राहिले. आरंभी ते अगदी साधे होते. पुढे ते अनेकदा नव्याने बांधले गेले. हिमाची माता या नावाने ते पवित्र मरियेला अर्पण केलेले आहे.

वाशीमहून पाहता हे गाव फार दूर. तरीही मराठीतून प्रभूचे नाव घेणाऱ्या प्रत्येक कॅथलिक कुटुंबाचे या खेड्याशी नाते आहे, असे आम्हांस वाटते. ते नाते जोडणारा मनुष्य होता इंग्लंडचा.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा जपणे धोक्याचे होते. आपल्या एका कॅथलिक मित्राबरोबर ते काही काळ नोकराच्या वेषात हिंडले. तो मित्र तुरुंगात पडला. स्टीफन्स रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीतच काढली.

त्या काळची साष्टी शांत नव्हती, हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १५६७ साली रायतूर किल्ल्याच्या कप्तानाने या भागातील देवळे पाडली होती. लोकांच्या मनात ती जखम ताजी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांचा वध झाला. त्यांची पार्थिवे रायतूरच्या चर्चमध्ये आणून पुरण्यात आली. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून ठार केले. आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकीकत स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपल्या भावाला पत्राने कळवली. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, हे निरीक्षणही त्याच पत्रात आहे. शोकाच्या दिवसांतही या माणसाचा कान लोकांच्या बोलण्याकडे होता!

नव्याने स्नानसंस्कार घेतलेल्या गावकऱ्यांपुढे एक अडचण होती. त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून काढून घेतली गेली होती आणि त्यांच्या जागी मनाला धरील असे काहीच मिळाले नव्हते. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ होत. पण रात्री दिव्यापाशी बसून वाचावे, चारचौघांत गावे असे पुस्तक कोठे होते? धर्मशिक्षण चालू असता एका ब्राह्मणाने अशा पुराणाची मागणी केली, असा प्रसंग स्वतः फादरांनीच आपल्या ग्रंथात रंगवला आहे.

त्या मागणीचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. ते १६१६ साली रायतूर येथील येशूसंघाच्या विद्यालयात छापले गेले. दोन भाग, १०,९६२ ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी परक्या मनुष्याने इतकी आत्मसात केली की स्वर्गाला वैकुंठ म्हणतानाही तो अडखळत नाही. आमच्या वऱ्हाडात रिद्धपूरला महानुभावांनी लीळाचरित्र मराठीत उतरवले, त्याला तेव्हा तीन शतके लोटली होती. लोकांचा धर्म लोकांच्या भाषेत सांगावा, ही रीत फादरांना मराठीतच सापडली.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. पुस्तक देशी लिपीत छापावे म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला येशूसंघाच्या वरिष्ठांकडे परवानगी मागितली होती. खिळ्यांची सोय झाली नाही. ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले.

त्यानंतर ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग वारा फिरला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या राज्याच्या छत्राखाली हे पुराण जन्मले, त्यानेच त्याची भाषा नकोशी मानली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही.

पुस्तक तगले ते हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर प्रती नेल्या आणि उपवासकाळात त्या गाइल्या. अशाच प्रतींवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीत आवृत्ती छापली. लंडनमधील मार्सडेन संग्रहातही एक प्रत निघाली, आणि ती देवनागरीत! अखेर १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध केले. रायतूरच्या पहिल्या छपाईला तेव्हा ३४० वर्षे झाली होती.