होनस वॅग्नरचा नकार

जुन्या तबकड्या जमविणारे गृहस्थ अधूनमधून माझ्या शिकवणीच्या खोलीत डोकावतात आणि वडिलांची एखादी तबकडी आहे का, असे विचारतात. ती नाही. वडील दरबारात गात. पण ध्वनिमुद्रणासाठी आलेल्यांना त्यांनी परत पाठविले. का, ते घरात कुणालाच सांगितले नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या होनस वॅग्नरची हकीकत मला परकी वाटली नाही.

वॅग्नर बेसबॉलचा खेळाडू. हा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचा अमेरिकी भाऊबंद. जन्म २४ फेब्रुवारी १८७४ चा, पेनसिल्व्हेनियातला. आईबाप जर्मन, घरची गरिबी. पोरवयातच शाळा सुटली आणि कोळशाच्या खाणीत उतरावे लागले. पाय कमानीसारखे वाकडे, हात लांबलचक. पण १९०० ते १९१७ तो पिट्सबर्गकडून खेळला आणि फलंदाजीत आठदा नॅशनल लीगमध्ये पहिला आला.

१९०९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची लहान रंगीत चित्रे वाटावयास सुरुवात केली. वॅग्नरने आपले चित्र घालू दिले नाही. संमती मिळवून देणाऱ्या वार्ताहराला काही डॉलर मिळावयाचे होते. त्याचे नुकसान नको म्हणून वॅग्नरने तेवढ्या रकमेचा चेक त्याला धाडला, अशी हकीकत १९१२ साली एका क्रीडापत्रात आली. मुलांनी चित्रासाठी तंबाखू घेऊ नये, हे कारण सांगतात. मोबदला हवा होता, असेही म्हणणारे आहेत. तो स्वतः तंबाखू चघळीत असे. तरी पदरचे पैसे देणारा माणूस मोबदल्यासाठी अडून बसला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

छपाई थांबली तोवर थोडी चित्रे बाहेर गेलीच होती. आज साठेकच ठाऊक आहेत. त्याच मालिकेतला टाय कॉब कीर्तीने तितकाच मोठा, वयही चित्रांचे तेच; पण त्याची चित्रे पुष्कळ उरली, म्हणून किंमत कितीतरी कमी. वॅग्नरचे एक चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांना गेले. आकार म्हणाल तर तळहाताच्या निम्मासुद्धा नाही!

१९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात निवडलेल्या पहिल्या पाचांत तो होता. पुढे पिट्सबर्गच्याच पोरांना १९५१ पर्यंत खेळ शिकवीत राहिला, आणि ६ डिसेंबर १९५५ रोजी वारला. त्याचा खेळ आकड्यांत तरी उरला आहे. वडिलांचे गाणे मात्र माझ्या गळ्यात आहे तेवढेच, आणि तेही पुरे नाही.